समजलं का, असं न विचारणारे उरकुडे सर

उरकुडे सरांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते चोराकडे पाहावं तसं. अठ्ठावन्न सालच्या जूनमध्ये मी वणीच्या हायस्कुलात मराठी आणि भूगोल शिकवायला रुजू झाले होते. शाळेत मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि शिकवणाऱ्या बायकांत मी दुसरी. शिक्षकांच्या खोलीत पाऊल ठेवलं तर कोपऱ्यात एक उंच, वाळका माणूस चहाची कपबशी नाकाशी धरून बसलेला. चहा पीत नव्हता, हुंगत होता. माझ्याकडे नजर गेली तशी त्यानं कपबशी खाली ठेवली.

"बी.ए. कुठून?"

"नागपूरहून."

"विषय?"

"भूगोल आहे, आणि मराठी."

"मंग सांगा, इथून चांदा कोन्या दिशेले?"

मी खिडकीकडे हात केला. सरांनी मान हलवली आणि दाराकडे बोट दाखवलं. चांदा दाराच्या बाजूला होता.

"म्हणजे तुमी नकाशावर शिकल्या," ते म्हणाले. "वाईट नाई. पन पायानं शिकणारे पोट्टे असते वर्गात, थ्याईले तुमचा नकाशा समजनार नाई. ध्यानात ठेवा."

त्या दिवशी मी मनातून फार चिडले. नोकरीचा पहिला दिवस, आणि या गृहस्थांनी सगळ्यांदेखत माझी परीक्षा घेतली. पुढे कळलं, ते सगळ्यांचीच घेत. नव्या शिपायाची घेत, दूधवाल्याची घेत, शाळेच्या घंटेचीसुद्धा घेत. घंटा झाली की आधी अंगणातल्या कडुलिंबाची सावली पाहायची आणि मग उठायचं. शाळेचं मोठं घड्याळ त्यांच्या मते कुणीतरी मुद्दाम पुढं करून ठेवत असे. कोण आणि का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, पण संशय सोडलाही नाही.

गणित आणि विज्ञान शिकवायचे. सायकलीला कुलूप लावायचे, चार पावलं जायचे, परत यायचे, कुलूप ओढून पाहायचे. "मले डाउट आहे," हे त्यांचं पालुपद. मुलांनी त्यांचं नाव डाउटमास्तर ठेवलं होतं. ते त्यांनाही ठाऊक होतं, पण कुणी ठेवलं याचा त्यांना डाउट होता.

त्यांच्या घरी एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले होते. काकूंनी सगळ्या बायकांत बसून सांगितलं, "लग्नाच्या दिवशी अंतरपाट खाली आला, अन् यायनं मले हळूच इचारलं, तुमचं नाव काय? म्या सांगितलं. मंग म्हणे, पुन्हा सांगा. पोरगी बदलून आणली का काय असा डाउट होता यायले!" बायका पोट धरून हसल्या. सर बाहेरच्या खोलीत होते. तिथून त्यांचा आवाज आला, "थ्या काळात होत होतं तसं."

माझा वर्ग आणि त्यांचा वर्ग यांच्यामध्ये भिंत नव्हती, बांबूच्या तट्ट्याचा आडोसा होता. त्यामुळे त्यांचं शिकवणं माझ्या कानावर सतत पडे. काही दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक शिक्षक दर पाच मिनिटांनी विचारतो, "समजलं का?" आणि वर्ग एका सुरात म्हणतो, "होऽऽ." पलीकडून तो "होऽऽ" कधी ऐकू आला नाही. मी एकदा त्यांना कारण विचारलं.

"समजलं का, असं पोराले कधी इचारू नये, बाई," ते म्हणाले. "थे त्याले खोटं बोलायले शिकवनं आहे. भेकड पोट्टं भीतीनं हो म्हणते, तरतरीत पोट्टं घाईनं हो म्हणते. आळशी म्हणते, कारण हो म्हटलं का मास्तर गप बसते. अन् ज्याले खरंच समजलं थे खिडकीतून बाहेर पाहत असते."

"मग समजलं की नाही हे कळायचं कसं?"

"स्वभाव पाहायचा. पोट्टं कसं चिडते, कसं भिते, कसं भांडते. ज्या रस्त्यानं थ्याचा राग येते, थ्याच रस्त्यानं थ्याचं गणित येते."

हे मला तेव्हा विक्षिप्त वाटलं. सगळ्यांनाच वाटे. पण ते नुसतं बोलत नव्हते, करत होते.

एकोणसाठ साली नववीच्या नव्या वर्गात ते पहिल्याच तासाला एक पोतं घेऊन आले. कापसाच्या जिनिंगच्या आवारातून सुतळीचे गुंते मागून आणले होते. प्रत्येकाच्या बाकावर एक एक गुंता टाकला. म्हणाले, "सोडवा." आणि स्वतः खुर्चीत बसून पाहत राहिले. तास माझा रिकामा होता, मी दाराशी उभी राहून गंमत पाहिली.

मधू देरकर नावाचा एक मुलगा होता, जिनिंगचे मालक भाऊसाहेब देरकर यांचा पुतण्या. भाऊसाहेब म्हणजे शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. मधूनं दोन्ही टोकं धरून हिसके मारले आणि गुंता दगडासारखा घट्ट करून टाकला. शेजारचा एक मुलगा सुतळीला हातच लावेना, नुसता बघत राहिला, आणि तास संपता संपता त्यानं एक टोक धरलं आणि सगळी सुतळी सरळ केली. एकानं दातांनी तोडली. एकीनं शेजारणीची सुतळी आधी सोडवून दिली.

आणि नजमा होती. रहमान मिस्त्रींची मुलगी. कोळशाच्या ट्रकांची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींचं वर्कशॉप राजूरच्या रस्त्याला होतं. सावळी, दोन वेण्या, पुढचा एक दात किंचित आडवा. ती हसायची. रागावलं तरी हसायची, शाबासकी दिली तरी हसायची. तिनं सुतळीचं एक टोक शेजारणीच्या बोटाला बांधलं, तिच्या कानात काही सांगत बसली, दोघी खुदखुदत होत्या. तास संपला तेव्हा सुतळी सुटलेली होती. पण ती केव्हा सुटली हे सरांच्या नजरेतून निसटलं होतं.

"हे पोरगी कामात नाई," बाहेर येताना ते मला म्हणाले. "हसनं म्हणजे पळून जानं. गणित समोर आलं का थे हसण्याच्या आड दडते."

या परीक्षेनंतर त्यांनी वर्गाची मांडणी बदलली. मधू देरकरला गणितं सोडवायला देणंच बंद केलं. फळ्यावर स्वतः मुद्दाम चुकीचं उत्तर लिहायचे आणि म्हणायचे, "झालं बरोबर." मधू ताडकन उठायचा, "सर, चुकलं!" "कुठं चुकलं? दाखव बे!" तो रागारागानं फळ्यापाशी जायचा आणि सगळं गणित उलगडून ठेवायचा. दुसऱ्याची चूक धरण्यात त्या मुलाला एवढा आनंद होता की त्यापायी तो बीजगणित शिकला. त्या गप्प मुलाला सर कधी प्रश्न विचारत नसत. त्याच्या शेजारच्याला विचारायचे आणि गप्प मुलाकडे पाहायचे. त्याच्या भुवया हलल्या की पुढे जायचे.

गावाला मात्र यात काळंबेरं दिसू लागलं. एका मुलाला दहा गणितं, दुसऱ्याला दोन. एकाला फळ्यापाशी उभा करतात, दुसऱ्याला वर्षभर विचारत नाहीत. पालक येऊन हेडमास्तरांच्या खोलीत बसू लागले. कुणी म्हणे, सर पैसेवाल्यांची पोरं निवडतात. कुणी म्हणे, गरिबांची निवडतात. एकानं तर सुतळीवरून भविष्य सांगतात अशी बातमी उठवली, आणि दोन बाया खरोखरच आपल्या पोरींच्या लग्नाचा योग विचारायला त्यांच्या घरी जाऊन आल्या. आमचे हेडमास्तर घाटे सर शिस्तीचे. ते म्हणायचे, "उरकुडे, आपण मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आलो, आता महाराष्ट्रात आलो. दोनदा राज्य बदललं, पण वर्गात सगळ्यांना एकच गृहपाठ द्यायचा हा नियम बदलला नाही."

"नियमाले स्वभाव नसते, सर," उरकुडे सर म्हणाले. घाटे सरांना ते लागलं.

मुलं अकरावीत आली. मॅट्रिकला बसण्याआधी शाळेची चाचणी व्हायची, आणि तिच्यात पास होणाऱ्यांचेच फॉर्म शाळा पुढे पाठवत असे. बीजगणिताचा पेपर उरकुडे सरांनी मुद्दाम अवघड काढला होता. तपासून झाल्यावर ते शिक्षकांच्या खोलीत आले आणि एक पेपर टेबलावर आपटून उभे राहिले.

पेपर नजमाचा होता. सगळी उत्तरं बरोबर. मधू देरकरचीही सगळी नव्हती.

"पायऱ्या पाहा," ते म्हणाले. आम्ही पाहिल्या. पायऱ्या जवळजवळ नव्हत्याच. गणित, मग एखादी ओळ, मग उत्तर. "हे कुठून आलं? दोन वर्षं थे पोरगी माह्या तासाला हसून राह्यली. एक गणित तिनं फळ्यावर पुरं केलं नाई. मले डाउट आहे."

या वेळी त्यांचा डाउट एकट्याचा राहिला नाही. खोलीत सगळेच माना डोलावू लागले. कुणीतरी म्हणालं, ती परीक्षेतसुद्धा हसत होती, चिठ्ठी पाहून हसत असणार. मग घाटे सरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "पाठकबाई, ही मुलगी रविवारी तुमच्याकडे येते म्हणे?"

"वाचायला पुस्तकं नेते."

"आणि छापायला जाण्याआधी पेपर थोडा वेळ तुमच्या टेबलावर होता म्हणे."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणाले, "सर, मला मॅट्रिकला गणितात जेमतेम मार्क होते. मी सांगितलं असतं तर ती नापास झाली असती." कुणीतरी हसलं. घाटे सर हसले नाहीत. त्या दिवसापासून मी खोलीत शिरले की बोलणी थांबत. माझ्या टेबलाच्या खणाला हेडमास्तरांनी स्वतःचं कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी नजमाची चौकशी झाली. शिक्षकांच्या खोलीत घाटे सर, उरकुडे सर, विज्ञानाचे आणखी एक शिक्षक आणि मुलीला सोबत म्हणून मी. फळा आणून ठेवला होता. उरकुडे सरांनी पेपरातलंच एक गणित लिहिलं आणि खडू तिच्या हातात दिला. ती हसली. नेहमीचं हसू नव्हतं ते, थरथरत होतं, पण हसूच होतं.

"हसनं बंद कर!" सर ओरडले.

हसू थांबलं. आणि त्याबरोबर सगळंच थांबलं. तिनं खडू फळ्याला टेकवला आणि तशीच उभी राहिली. बराच वेळ. खडूचा एक पांढरा ठिपका उमटला, बस्स. मग तिचा हात खाली आला.

"झालं," घाटे सर म्हणाले. "हिचा फॉर्म जाणार नाही."

संध्याकाळी रहमान मिस्त्री शाळेत आले. अंगात ग्रीसनं माखलेला सदरा, डोक्यावर टोपी नीट बसवलेली. त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही.

"मास्टरसाब," ते उरकुडे सरांना म्हणाले, "लडकी हसते, थे खरं हाय. माह्या आईच्या मयतीले बी हसली होती, डरून. लोकायनं लय नाव ठेवलं. पन चोरी नाई करत. बिरादरीतले लोक म्हणते, शादी कर, कायले शिकवतं. म्या म्हटलं, मॅट्रिक होऊ दे. आता तुमीच चोर म्हटलं तं मी काय सांगू त्याईले?"

मिस्त्री गेले. उरकुडे सरांनी सायकलीचं कुलूप काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी ते माझ्या वर्गाच्या दारात आले. वर्ग भरायचा होता. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले.

"बाई, काल मी मिस्त्रीच्या वर्कशॉपात गेलतो," ते म्हणाले. "तिले पकडायले. तिले गणित सांगनारा कोन आहे, थो पाहायचा होता. सायकलीची चेन ढिली आहे म्हणून गेलो. मिस्त्री ट्रकच्या खाली होता. मी मांगच्या बाजूनं गेलो. अन् तिथं थे बसली होती, टायरवर. लहान भावाले शिकवून राह्यली होती."

"मग?"

"हसून हसून शिकवून राह्यली होती, बाई. थो पोट्टा बी हसून राह्यला. म्हणे, पहाय सलीम, हे बरोबरची खूण म्हणजे गावची शीव. शिवेच्या इकडं माहेर, तिकडं सासर. माहेरी पोरगी हसते, थे अधिक. शीव ओलांडून गेली का रडते, थे उणे. सासरी जी रडत होती थे माहेरी आली का पुन्हा हसते. अन् असं करत करत तिनं माह्या पेपरातलं गणित सोडवलं. माह्या पेपरातलं! तोंडी. कागद नाई, पेन्सिल नाई."

त्यांनी कपाळ चोळलं.

"थे हसण्याच्या आड दडत नव्हती. थे हसण्यातच शिकत होती. अन् म्या काय केलं? थेच बंद केलं. म्हणजे दिव्याची वात काढून घेतली अन् म्हटलं, आता उजेड पाड."

ते तडक घाटे सरांकडे गेले. चौकशी चुकीची झाली, ती मीच चुकीची घेतली, पुन्हा घ्या, म्हणाले. घाटे सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि या वेळी ती चोराकडे पाहण्याची नजर घाटे सरांची होती.

"काल तुम्ही मिस्त्रीकडे सायकल घेऊन गेला होता ना?"

"गेलतो."

"चेन दुरुस्त केली त्यानं?"

"केली."

"पैसे घेतले?"

उरकुडे सरांना आठवेना. गडबडीत त्यांनी दिले नव्हते, मिस्त्रींनी मागितले नव्हते. दुपारपर्यंत ही गोष्ट साऱ्या शाळेत पसरली. संध्याकाळी गावात. सुतळीवरून भविष्य सांगणारा मास्तर आता मिस्त्रीकडून सायकली दुरुस्त करून घेऊन पोरी पास करतो. जन्मभर ज्या माणसानं दूधवाल्यापासून घड्याळापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला, त्याच्याकडे आता दूधवालाही डोळे बारीक करून पाहू लागला. मी त्यांना विचारलं, वाईट वाटतं का. म्हणाले, "वाईट काय? थ्याईच्या जागी मी असतो तं मले बी डाउट आला असता."

शेवटी त्यांनी कमिटीकडे अर्ज केला. भाऊसाहेब देरकर सरळ माणूस होता, पण पुतण्यापेक्षा मिस्त्रीच्या मुलीला जास्त मार्क मिळावेत हे त्यांनाही रुचलं नसणार. तरी त्यांनी सभा बोलावली. शनिवारी दुपारी, शाळेच्या मोठ्या खोलीत. कमिटीची माणसं खुर्च्यांवर, घाटे सर एका बाजूला, रहमान मिस्त्री दाराजवळ उभे, खुर्ची देऊनही बसले नाहीत. नजमाला मी घेऊन आले. तिचा चेहरा कोरा होता. सभा ठरल्याचं कळल्यापासून ती हसली नव्हती, तिच्या आईनं मला सांगितलं होतं. घरात कुणाशीच.

भाऊसाहेबांनी स्वतःच गणित घातलं. "बापाचं वय मुलाच्या तिप्पट आहे. बारा वर्षांनी ते दुप्पट होईन. आज वयं किती?"

नजमानं खडू उचलला. फळ्याकडे पाहत राहिली. मला तोच पांढरा ठिपका आठवला.

"थांबा," उरकुडे सर म्हणाले आणि पुढे आले. "भाऊसाहेब, मले एक मिनिट बोलायचं आहे. तिच्याशी."

"सांगून देनार काय?" मागून कुणीतरी म्हणालं.

"गणिताचं नाई बोलत," सर म्हणाले. त्यांनी सदऱ्याची बटणं उगाच चाचपली, घसा खाकरला. "एक... एक गंमत सांगतो."

सारी सभा चक्रावून त्यांच्याकडे पाहू लागली. आमच्यापैकी कुणीही त्या माणसाच्या तोंडून विनोद ऐकलेला नव्हता. त्यांना तो कसा करतात हे ठाऊकच नव्हतं, हे दिसत होतं. कान लाल झाले होते.

"एक मानूस होता," ते म्हणाले. "थ्यानं कुलूप लावलं. मंग थो निंघाला. रस्त्यात थ्याले डाउट आला, का कुलूप लागलं का नाई. मंग थो वापस गेला. पाहते तं काय, कुलूप लागेल होतं!"

ते थांबले. सगळे वाट पाहत राहिले.

"मंग?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"मंग काई नाई. वापस आला."

घाटे सरांनी मान खाली घातली. उरकुडे सर तिथंच उभे, हात लोंबकळत, एखाद्या नापास झालेल्या मुलासारखे. आणि मग नजमाच्या घशातून एक बारीक आवाज निघाला. तिनं ओठ दाबून पाहिले, जमलं नाही. तो आडवा दात दिसला. ती हसली. आधी सरांच्या त्या फजितीला, मग आपल्या हसण्याला, मग आणखी कशाला कोण जाणे. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दाराशी मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले.

आणि हसतच ती फळ्याकडे वळली.

"मुलाचं वय क्ष. बाप तीन क्ष," ती म्हणाली. "बारा वर्षांनी इकडं तीन क्ष अधिक बारा, तिकडं दोन क्ष अधिक चोवीस. आता हे दोन क्ष तिकडं हसून राह्यले, त्याईले इकडं आनलं का रडतीन. उणे झाले. म्हणजे इकडं उरला एकटाच क्ष. अन् हा बारा इकडून तिकडं गेला, तो बी रडला. चोवीसातून बारा गेले. मुलगा बाराचा, बाप छत्तीसचा. बारा वर्षांनी एक चोवीसचा, एक अठ्ठेचाळीसचा. दुप्पट!"

भाऊसाहेबांनी बोटांवर मोजून पाहिलं. मग दुसरं गणित घातलं. मग तिसरं. तिसऱ्याचं उत्तर त्यांनाच येत नव्हतं, ते त्यांनी मधूला विचारून आणलेलं होतं, असं पुढे कळलं. तीही तिनं सोडवली. भाऊसाहेब उठले आणि म्हणाले, "फॉर्म पाठवा, घाटे सर." बस्स, एवढंच.

नजमा मॅट्रिक झाली. मार्क चांगले पडले. पुढे ती चांद्याला एका शाळेत शिकवायला लागली असं ऐकलं.

गावाचं समाधान मात्र झालं नाही. हसल्यावर गणित येतं हे कुणी मानेना. सरांनी कुलपाच्या गोष्टीत काहीतरी खूण सांगितली असणार, असं म्हणणारे लोक मला वर्षभर भेटत राहिले. मी सांगून पाहिलं, मग थांबले.

सर स्वतः त्यानंतर बदलले. विजय मिळाल्यासारखे नव्हे, काहीतरी हरवल्यासारखे. एके दिवशी मला म्हणाले, "बाई, हे एक सापडली. पन याच्या आधी? पंधरा वर्षं मी पोट्टे पाहून राह्यलो. मले वाटत होतं, मी स्वभाव ओळखतो. किती पोट्टे असन ज्याईचा रस्ता म्या बंद केला?"

त्यांना नामदेव नावाचा एक जुना विद्यार्थी आठवत होता. गणित करताना गुणगुणायचा. सरांनी त्याला गप्प बसवलं होतं, तो नापास झाला होता आणि राजूरच्या खाणीत कामाला लागला होता. एका रविवारी सर सायकल मारत राजूरला गेले आणि त्याला शोधून काढलं. सोमवारी मी विचारलं, भेटला का.

"भेटला. म्हणे, सर, तुमी तं लय चांगले होते, मले कधी मारलं बी नाई. चहा पाजला." ते जायला वळले. "खोटं बोलला थो. माह्यासाठी."

पुढच्या वर्षी घाटे सरांनी त्यांच्याकडून वरचे वर्ग काढून घेतले. पाचवी-सहावीचं गणित दिलं. ते कुरकुरले नाहीत. मुकुटबनला नवी शाळा निघाली तेव्हा आपणहून तिकडे गेले. निघताना निरोपसमारंभ झाला नाही. काकू सामानाच्या बैलगाडीत बसल्या, सर मागून सायकलवर.

नंतर त्यांना एकदाच पाहिलं. सदुसष्ट सालच्या हिवाळ्यात मी मुकुटबनच्या बाजूला एका नातलगांकडे एस.टी.नं चालले होते. गाव थोडंसं मागं पडलं आणि रस्त्याच्या कडेनं शेळ्यांचा एक कळप दिसला. त्याच्यामागे काठी घेतलेली दहा-अकरा वर्षांची एक पोर, आणि तिच्यामागे उरकुडे सर. केस पांढरे झालेले, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात पाटी. मुलगी चालता चालता काहीतरी मोठ्यानं म्हणत होती, पाढे असावेत, आणि सर धापा टाकत तिच्याबरोबर राहायचा प्रयत्न करत होते. शेळ्या थांबत नव्हत्या, म्हणून मुलगी थांबत नव्हती, म्हणून सरही थांबत नव्हते.

समोरून लाकडाच्या गाड्या आल्या, आमची एस.टी. उभी राहिली. मी कंडक्टरला विचारलं, "हे मास्तर इथलेच ना?"

"हो. रोज फिरते थे शेळ्यायच्या मांगं," तो तिकिटं फाडता फाडता म्हणाला. "शाळा सुटली का. कायले फिरते कोनाले मालूम. गावातले लोक म्हणते, असन काहीतरी."

मी खिडकीतून हाक मारणार होते. पण तेवढ्यात ती मुलगी थांबली होती. वळून सरांना काहीतरी सांगत होती. सरांनी मान हलवली, नाही म्हणून. ती पोर चिडली. तिनं काठीचं टोक धुळीत टेकवलं आणि वाकून रेघा ओढायला लागली. सर पाटी काखेत धरून खाली बसले, अगदी जमिनीला नाक लावून पाहू लागले. त्यांच्या पाठीमागे शेळ्या एकेक करून कुणाच्या तरी वावरात शिरत होत्या आणि फुटलेला कापूस खात होत्या. दोघांपैकी कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं. गाड्या निघून गेल्या आणि आमची एस.टी. सुटली.